अनोळखी दारावरचे जिभाऊ

सकाळी साडेसहाला जिन्यावर चपला वाजायच्या आणि गुजराती पेपरची घडी हातात घेऊन जिभाऊ दारात उभे राहायचे. "बाई, वाच ना जरा. आज कोन शे?"

कोण म्हणजे कोण वारलं.

जिभाऊ आमचे घरमालक. डिंडोलीतल्या एका बोळात त्यांचं एकमजली घर. खाली ते आणि त्यांची बायको, तिला सगळे माय म्हणत. वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको भाडेकरू. ते शहाद्याकडचे. विशीत सुरतेला आले आणि तीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. गुजराती मोडकंतोडकं बोलत, पण वाचता यायचं नाही. मी नाशिककडची. लग्न होऊन इथे आले, मराठी शाळेत लागले आणि माझ्या वर्गातल्या पोरांबरोबर मीही गुजराती बाराखडी गिरवली. हे मायकडून त्यांना कळलं, आणि माझी सकाळ त्यांची झाली.

नव्या संसारात उठल्या उठल्या मेलेल्या माणसांच्या जाहिराती वाचायच्या, हे मला पहिल्यांदा अगदी अभद्र वाटे. एकदा मी म्हटलंही, "जिभाऊ, चहा तरी होऊ द्या." तर म्हणाले, "चहा पिता पिता वाच. त्यास्ले राग नई येत."

सगळ्या जाहिराती त्यांना नको असत. फोटो, नाव, बेसण्याचा पत्ता आणि वेळ, या सगळ्याच्या खाली कधी कधी एक बारीक ओळ असे, 'चक्षुदान करेल छे,' म्हणजे डोळे दान केलेत. ती ओळ असेल तीच जाहिरात. मग पत्ता मी मराठीत एका चिठ्ठीवर लिहून द्यायची. बेसणं म्हणजे गुजराती घरांतला दुखवटा. ठरलेल्या दोन तासांत लोक पांढरे कपडे घालून येतात, फोटोपुढे हात जोडतात, घटकाभर गप्प बसतात आणि जातात. जिभाऊ महिन्यातून दोन-तीनदा असे जात. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पायात पुसलेल्या चपला. कतारगाम, अडाजण, वराछा, कुठेही. ओळखपाळख कुणाशीच नाही. बोळातल्या लोकांनी त्यांचं नाव 'बेसणंवाले काका' पाडलं होतं. माय चिडायची. "लोकं म्हनतात तुना माणूस मढ्यास्ना मांगे फिरस," असं ती मला ऐकवायची, जणू चिठ्ठ्या लिहिणारी मीच काय ती गुन्हेगार.

त्यांच्या उजव्या डोळ्याची गोष्ट मला पहिली दोन वर्षं ठाऊक नव्हती.

त्यांचं बघणंच विचित्र होतं. डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. उजव्याने ते बघत, आणि एकदा बघायला लागले की हटत नसत. भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगापुढे दहा-दहा मिनिटं उभे. भाजीवाली विचारायची, "काका, घ्यायची का?" तर म्हणायचे, "घेतो ना. आधी पाहू तं दे." बायकांच्या साड्यांकडे तर असे टक लावून पाहत की एकदा पलीकडच्या बोळातल्या एका बाईचा नवरा भांडायला आला. जिभाऊंनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या मंडळीची साडी रामा रंगाची शे, पण काठाले मोरपंखी नई, पानेरी शे. रंगाऱ्यानं फसवलं तुमाले." तो माणूस निघून गेला. पुढच्या महिन्यात बायकोसाठी साडी घ्यायची म्हणून जिभाऊंना बाजारात घेऊन गेला.

देवापुढे ते डोळे मिटत नसत. गणपतीच्या आरतीलासुद्धा सगळे डोळे मिटून, आणि हे ताटाएवढा डोळा करून मूर्तीकडे बघत. कुणी टोकलं तर म्हणायचे, "दोन वरीस मिटेलच व्हते. आता कशाला मिटू?"

त्या दोन वर्षांचं मला पुढे मायनेच सांगितलं. मागावरचा धोटा उडाला आणि सरळ उजव्या डोळ्यावर बसला. जखम चिघळली, डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा. दुसरा डोळा तर नव्हताच. दोन वर्षं माय त्यांना हाताला धरून संडासापर्यंत न्यायची. मग एका सकाळी दवाखान्यातून फोन आला की डोळा मिळाला आहे, लगेच या.

"मी विचारलं, कोनाचा?" हे जिभाऊंनी स्वतः सांगितलं. गच्चीवर मायने मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि ते त्यांच्याजवळ बसून होते. "डॉक्टर म्हने, ते सांगता येत नई, काका. कायदा शे. म्या म्हटलं, बाईमानूस का बाप्यामानूस, तेवढं तं सांगा. तेबी नई. म्हने थेंब टायमावर टाका, तेच आभार."

त्यांनी एक मिरची उचलून उजेडात फिरवून पाहिली.

"ज्या दिवशी पट्टी सोडली ना बाई, त्या दिवशी त्या मानसाचं बेसनं व्हतं असंन. नई तं एक-दोन दिवस मागेपुढे. तठे सगळे आले असतीन. शेजारचे, सोयरे, नोकरीतले. ज्यानं सगळ्यात आधी जायचं तोच नई गेला. मी पलंगावर पडेल व्हतो. म्हनून आता दुसऱ्यास्कडे जातो. त्यायच्याकडे येनारा बी कुठंतरी पट्टी बांधून पडेलच असंन ना?"

त्यानंतर मी चिठ्ठ्या लिहिताना कधी कुरकुर केली नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. शाळेला सुट्टी होती, बेसणं दूर, एका समाजाच्या वाडीत होतं, आणि त्यांना दोन बस बदलायच्या होत्या. वारलेले गृहस्थ म्हातारे होते. फोटोला हार, उदबत्त्या, पांढऱ्या चादरींवर रांगेने बसलेले लोक. जिभाऊ शेवटच्या ओळीत टेकले. मी बायकांच्या बाजूला बसले. पाचेक मिनिटांनी एक तरुण, बहुधा नातू, त्यांच्यापाशी येऊन वाकला.

"काका, कोना तरफथी?" कुणाकडून आलात, असं तो विचारत होता.

जिभाऊंनी मान वर केली. ते म्हणाले, "कोई तरफथी नई, भाई. एमज." कुणाकडून नाही, असाच.

त्याने त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाज खाली आणून, पण आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जमवानुं नथी राख्युं."

म्हणजे इथे जेवण नाही. माझ्या कानशिलांत आग झाली. जिभाऊ सावकाश उठले. फोटोपुढे गेले, हात जोडले, त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आपल्या नेहमीच्या पद्धतीने भरपूर वेळ पाहिला आणि परत येताना त्या नातवालाही हात जोडून म्हणाले, "हाथ जोडवा आव्यो हतो, भाई."

बाहेर आल्यावर मी भडकले. "सांगायचं ना त्याला! डोळा दाखवायचा. पाय धरले असते त्यानं तुमचे."

"म्हनूनच नई सांगायचं," ते म्हणाले. "त्यायचा दिवस शे. आपली गोष्ट सांगाले नई जायचं तठे. नई तं सगळे त्या म्हाताऱ्याले सोडून माझ्याकडेच पाहतीन."

बसस्टॉपवर त्यांनी मला उसाचा रस पाजला. घरी गेल्यावर मायला यातलं अक्षर सांगू नको, एवढं मात्र बजावलं.

जिभाऊ गेले त्याला आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले. आपल्यामागे आपले डोळे द्या, असं त्यांनी पुण्याला असलेल्या आपल्या मुलाकडून कबूल करून घेतलं होतं. मुलगा येईपर्यंत मीच नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि फार हळू आवाजात सांगितलं की देवीने गेलेला डोळा चालणार नाही, आणि आमच्याकडे बदललेलं बुबुळ पुन्हा घेत नाहीत. मला वाटतं, जिभाऊंना ते ठाऊक असावं. इतक्या वर्षांत दवाखान्याच्या इतक्या खेपा झाल्या, कुणीतरी सांगितलंच असेल. तरी त्यांनी मुलाकडून शब्द घेतला होता.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याआधीचं, आणि माझं आहे.

माझा नवरा इच्छापोरच्या एका कारखान्यात होता. कंत्राटी, पण काम पक्कं. रोज सकाळी सातला मोटारसायकलवर निघायचा. एका सकाळी रस्त्याच्या कडेच्या वाळूवरून त्याची गाडी घसरली. कुणी धडक दिली नाही, कुणाची चूक नाही. मला शाळेत फोन आला, मी दवाखान्यात पोचले, तोवर तो गेलेला होता. वॉर्डातल्या माणसाने एवढंच सांगितलं की एक टेम्पोवाला आणून सोडून गेला. नावगाव लिहून न देताच गेला.

सदतीस वर्षांचा होता तो.

दोन-अडीच तासांनी एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पांढरा कोट नव्हता, साधा पंजाबी ड्रेस. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांबद्दल विचारलं. वेळ थोडा आहे, पण घाई करू नका, नाही म्हणालात तरी चालेल, असंही म्हणाल्या. पांडेसऱ्याहून माझे दीर आले होते. ते उसळले. "वहिनी, काही गरज नाही. अख्खा माणूस जाऊ दे. पुढच्या जन्मी आंधळा आला तर?"

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर जिभाऊ आणि माय बसले होते. मी उठून त्यांच्यापाशी गेले. मला वाटलं, जगात हा एक माणूस मला आत्ता सांगू शकेल.

"जिभाऊ, काय करू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ज्या माणसाची नजर वांग्यावरून हटत नसे तो फरशीकडे बघत होता.

"माले नको विचारू, बाई."

"मग कुणाला विचारू?"

"मी घेनारा शे. घेनाऱ्यानं मांगू नये." ते उठलेच. मायला म्हणाले, "तू बठ हिच्यापाशी. मी खाली जातो. माझं तोंड दिसाले नको हिले." आणि भिंतीला धरून जिना उतरून गेले.

मी सही केली. का केली ते आजही मला नीट सांगता येत नाही. जिभाऊंची आठवण झाली असं म्हणायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे तेव्हा काही आठवत नव्हतं. एवढंच वाटलं की याच्यातलं काहीतरी जाळायचं राहू दे.

पुढचे दिवस घर माणसांनी भरून गेलं. माझी आई आली, सासू-सासरे आले, त्याच्या कारखान्यातले लोक येऊन गेले. बोळातली घरं पाळीपाळीने स्वयंपाक पाठवत. माय दोन्ही वेळा भाकरी-पिठलं घेऊन वर यायची आणि माझ्यासमोर बसून मला चार घास खायला लावायची. जिभाऊ मात्र आले नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, चौथा दिवस. अख्ख्या सुरतेत अनोळखी माणसांच्या फोटोपुढे हात जोडणारा माणूस माझ्या पंधरा पायऱ्या चढून वर आला नाही. मला त्याचं इतकं लागलं की रडायला तेवढं एक निमित्त पुरे व्हायचं.

मायला विचारलं, तर ती म्हणाली, "ते कोपऱ्यावर उभे राहतस. माले काय विचारस, बाई? त्यास्लेच विचार."

मी खिडकीतून बघितलं. बोळाच्या तोंडाशी किराणा दुकानापुढे ते उभे होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा. सकाळी तिथेच, दुपारी जेवून आले की तिथेच, दिवेलागणीपर्यंत.

मला त्या दिवसांत एकच गोष्ट खात होती. तो रस्त्यावर एकटा पडला होता. मला फोन येईपर्यंत, दवाखान्यात नेईपर्यंत, त्याच्याजवळ कोण होतं? कुणी होतं का? रस्त्यावरची माणसं मोबाइल काढून उभी राहतात, हे मी बघितलेलं होतं. आई म्हणायची, असा विचार करू नको. पण दुसरा विचार येतच नव्हता.

आठव्या दिवशी चारच्या सुमाराला जिन्यावर चपला वाजल्या. दारात जिभाऊ. त्यांच्यामागे चाळिशीचा एक काळासावळा माणूस आणि त्याची बायको, हातात कापडात बांधलेला डबा.

"बाई," जिभाऊ म्हणाले, "हे तुझ्याकडे आले शेत. चार बोळ फिरले, घर सापडे ना."

मी दारातून बाजूला सरकले. माझ्या चेहऱ्यावर आठ दिवसांचा राग त्यांना दिसला असावा. ते हळूच म्हणाले, "म्हनून तठे उभा व्हतो. आपले बोळ सगळे सारखे. कोनी आलं आन् परत गेलं तं? माले माहीत शे, डोळेवाले नई येत, त्यायच्या तं पट्ट्या बी आताच सुटल्या असतीन. पन कोनीतरी आलं असतं तं."

आलेला माणूस टेम्पोवाला होता. बारडोलीकडचा. इच्छापोरच्या कँटीनला भाजी पोचवायचा आणि बायको त्याच्याबरोबर असायची. दवाखान्यात परत जाऊन विचारलं तेव्हा त्यांना एवढंच कळलं होतं की मराठी मास्तरीणबाई, डिंडोली. मी त्यांना बसायला सांगितलं. तो बसला नाही. फोटोकडे बघत उभ्यानेच हिंदीत म्हणाला, "बहन, उन्होंने पानी माँगा था. मैंने नहीं दिया. लोग बोले, चोट लगी हो तो पानी नहीं देते. आठ दिन से मुझसे पानी नहीं पिया जाता. मैंने गलत किया?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. "बरोबर केलंत. डॉक्टरही तेच सांगतात."

तेव्हा कुठे तो खाली टेकला.

बायको माझ्याजवळ सरकली. तिचा हात खरखरीत होता, मातीत काम करणाऱ्याचा. दुधीच्या पोत्यांवर त्याला निजवलं होतं, ती सांगू लागली. "एमनुं माथुं मारा खोळामां हतुं." डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना येईपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं. तो बोलत होता. मराठीत. तिला काही समजत नव्हतं. "ए जे बोले ने, हुं तो 'हा भाई, हा भाई' कह्या करती'ती."

तो जे म्हणेल त्याला, हो भाऊ, हो भाऊ.

मी तिच्या मांडीकडे बघत होते. हिरवट साडी, गुडघ्यापाशी रफू केलेली. आणि मी तिथे, सगळ्यांदेखत, मोठ्याने रडले. आईने मला धरलं. ती बाईही रडत होती.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती आपल्या गुजरातीतच म्हणाली, "एक शब्द समजला मला फक्त. दोन-तीनदा बोलले. कढी. कढी. मी म्हटलं, हा भाई, घरी जाऊ, कढी करू." तिने कापडाची गाठ सोडली. "रोज वाटायचं, मागितली आणि राहून गेली. म्हणून करून आणली."

डब्यात पिवळसर पांढरी गुजराती कढी होती. वर कढीपत्ता तरंगत होता.

आमच्या वरच्या दाराची कडी सैल होती. नुसतं दार ओढलं तर ते आपोआप उघडायचं, आणि मी शाळेच्या गडबडीत नेहमी विसरायचे. मोटारसायकलला किक मारण्याआधी तो रोज खालून ओरडायचा, "अगं, कडी लाव!" सगळ्या बोळाला ऐकू जाई. जिभाऊंना तर त्यांच्या ओट्यावर रोजच. आणि ताक, दही, कढी यांचा तर वाससुद्धा त्याला चालत नसे.

मी मान वर केली. जिभाऊ माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. खोलीत आम्हा दोघांनाच.

ती बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती. "बरोबर ने?" तिने विचारलं. "कढी ज ने?"

"हा बेन," जिभाऊ म्हणाले. "बराबर. एने बहु भावती."

"रोज करायचे मी," मी म्हटलं.

तिचा चेहरा मोकळा झाला. तिने उठून फोटोपुढे वाटी ठेवली, हात जोडले. मग मला एक वाटी दिली आणि जिभाऊंना एक. कढी गोड होती, गूळ घातलेली, आल्याचा झणका लागणारी. मी संपवली. जिभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंबही पिऊन टाकला आणि रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

"अजून वाढ, बेन."

आणि तिने आपल्याच घरी असल्यासारखा पदर खोचून त्यांना पुन्हा वाढली.